शिंगाळ्याचा न लागलेला काटा

आधी थकवा

आजारपणावर लिहिणारे बहुतेक जण भीतीपासून सुरुवात करतात. मी थकव्यापासून करते, कारण भीती केव्हाच गेली आणि थकवा अजून घरात पाय पसरून बसला आहे. मागच्या पावसाळ्यात डाव्या कोपरात पू झाला, तो अंगभर चढायला निघाला आणि मी अकरा दिवस रुग्णालयात पडून होते. आता हात बरा आहे. पूर्ण सरळ होत नाही, तेवढं चालायचंच. पण वरच्या फळीवरची सिरपची बाटली काढली की मला दहा मिनिटं स्टुलावर बसावं लागतं, आणि गिऱ्हाईक समजतं की मॅडमना शिष्टपणा चढलाय.

मी त्रेचाळीस वर्षांची. रत्नागिरीत एका मेडिकलच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. नवरा, संदीप, मुंबईला नोकरीला असतो आणि महिन्यातून दोनदा येतो. मुलगी पुण्याला शिकते. घरात मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी लग्नापासून आई म्हणते. त्या मूळच्या नाटे गावच्या, समुद्रकाठच्या. मासा नसेल त्या दिवशी त्या जेवत नाहीत, नुसतं ताट उरकतात. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या ताटाशी जाऊन थांबतं.

लोळण

मुलगी पुण्याला गेली आणि संध्याकाळी सातनंतर मला करायला काही उरलं नाही. गुडघे कुरकुरत होते, वजन वाढत होतं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका बंद पडलेल्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर ब्राझिलियन जिउ-जित्सूचा क्लास सुरू झाल्याचं कळलं. नदीम सर तो चालवतात. ते जहाजावर नोकरीला होते, बंदराबंदरांत हेच शिकले, आणि पाठ धरल्यावर घरी येऊन शिकवायला लागले. मला वाटलं कराटेसारखं काही असेल, हातपाय हवेत फिरवायचे. बघायला गेले तर दोन जण जमिनीवर एकमेकांत अडकलेले. ठोसा नाही, लाथ नाही. धरायचं, दाबायचं, सांधा पिरगळायचा, आणि समोरच्यानं हार मानून जमिनीवर थाप मारली की तिथल्या तिथे सोडायचं.

पहिल्या महिन्यात मला रोज कुणीतरी चिरडलं. कोण काय करतंय तेही कळायचं नाही. पण ऐंशी किलोचा माणूस छातीवर बसलेला असताना दूधवाला आला का, गॅस संपला का, मुलीनं फोन का उचलला नाही, यातलं काही म्हणजे काही सुचत नाही. श्वास कुठून घ्यायचा एवढंच सुचतं. मला ती एक तासाची सुट्टी होती. वीस वर्षांत अशी सुट्टी कुणी दिली नव्हती.

आईंना हे पटणं शक्यच नव्हतं. "चाळीस वर्षांच्या बाईनं जमिनीवर लोळायचां? लोळण घेतात ती पोरां," म्हणाल्या. शेवटी एका अटीवर तयार झाल्या. ज्या दिवशी तिथली दुखापत घरात येईल, त्या दिवशी क्लास बंद. मी हो म्हटलं. तेव्हा हो म्हणणं सोपं होतं.

या खेळाचा एक नियम आहे, तो सांगायलाच हवा. मॅटवर पाय ठेवण्याआधी रांगेत उभं राहून हात, पाय, मान, कोपर दाखवायचं. नखं कापलेली हवीत. अंगावर फोड, नायटा, चिघळलेली जखम असेल तर घरी जायचं. कारण तासभर कातडी कातडीवर घासते. एकाचं दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. नदीम सर कसे आहात विचारत नाहीत, आधी "हात" म्हणतात.

पट्टी

कोकणात पावसाळ्यात रुमाल वाळत नाही, तिथे जाड सुती अंगरखा कुठला वाळायला. त्याला गी म्हणतात. भिजला की ओल्या गोधडीएवढा जड. जुलैमध्ये माझा गी चार दिवस पंख्याखाली असायचा आणि तरी काखेत ओला राहायचा. घरभर कुबट वास. आई उदबत्त्या लावायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मी तसाच दमट गी चढवून जात होते. कोपर आधीच मॅटवर घासून सोललेलं. एका गुरुवारी तिथे फोड आला, शेंगदाण्याएवढा, बोट लावलं की ठणका डोक्यात.

मला काय ते कळत नव्हतं असं नाही. मी रोज काउंटरवरून लोकांना सांगते, डॉक्टरांना दाखवा, मनानं गोळ्या घेऊ नका, कोर्स अर्धवट सोडू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान. त्याच काउंटरमागे उभं राहून मी फळीवरची अँटिबायोटिकची गोळी घेतली. दोन दिवस घेतल्या, फोड जरा बसल्यासारखा वाटला, सोडल्या.

कारण रविवार येत होता. नदीम सरांचे गुरू गोव्याहून यायचे होते. ज्यांची तयारी झालीय त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावर एक रेघ मिळायची होती. रेघ म्हणजे काय, तर चिकटपट्टीचा पांढरा तुकडा पट्ट्याच्या टोकाला गुंडाळतात. अडीच वर्षं मी कोरा पांढरा पट्टा बांधत होते. माझ्यानंतर आलेल्या कॉलेजच्या मुलांना रेघा मिळून गेल्या होत्या. हसू नका. बारावीच्या निकालानंतर मी एवढी कशाची वाट बघितली नव्हती.

रविवारी सकाळी क्लासवर पोचल्या पोचल्या मी तिथल्या रिळातून चिकटपट्टी फाडून कोपरावर गुंडाळली. रांगेत नदीम सरांनी विचारलं, "ताई, काय झालं?"

"घासलंय जरा."

"फोड वगैरे नाही ना?"

"नाही हो."

त्यांनी विश्वास ठेवला. अडीच वर्षांत मी त्यांच्याशी एकदाही खोटं बोलले नव्हते, मग ते पट्टी का उघडायला लावतील. मी मॅटवर गेले, पाच जणांशी खेळले. दुपारी रेघ मिळाली. माझ्या पट्ट्यावर लावलेला तुकडा त्याच रिळातला होता ज्यातून मी कोपरासाठी पट्टी फाडून घेतली होती. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मी खूश होते.

घरी आले तर आईंनी शिंगाळा मासा आणला होता. जुलै, बोटी बंद, मग खाडीचं जे मिळेल ते. शिंगाळ्याचे काटे वाईट. लागला की माणूस कळवळतो. मी तो साफ केला, डावा हात पोटाशी धरून. आईंनी आमटी केली. आम्ही दोघी जेवलो. मला अजिबात काटा लागला नाही.

"कशानं झालं?"

मंगळवारी दुकानात मला थंडी भरली. दात वाजत होते, आणि बाहेर घामाच्या धारा लागतील अशी उकाड्याची हवा. मालकांनी रिक्षा बोलावली. घरी आईंनी हात बघितला. कोपर टरारून आलेलं, लाल, तव्यासारखं तापलेलं. त्यांनी चपला घातल्या आणि त्याच रिक्षात मला रुग्णालयात नेलं.

तपासणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या. माझ्या मुलीहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी विचारलं, "कशानं झालं? काही लागलं होतं का?"

आई माझ्या उशाशी उभ्या होत्या. माझा घाम त्यांच्या पदरानं पुसत होत्या. तापानं डोकं जड झालेलं, पण एक गोष्ट लख्ख दिसत होती. मॅट म्हटलं की क्लास संपला.

"शिंगाळ्याचा काटा लागला," मी म्हटलं. "रविवारी. साफ करताना."

इतकं सहज आलं तोंडातून. त्या गावात कुणाला शंका येणार होती? शिंगाळ्याचा काटा लागला म्हटल्यावर वॉर्डबॉयसुद्धा "अरे बापरे" म्हणाला. आईंचा हात कपाळावर थांबला, एवढंच मला कळलं. मी डोळे मिटून घेतले.

पेनाची रेघ

सिस्टरनी माझ्या हातावर लाली जिथे संपत होती तिथे पेनानं रेघ काढली. ही रेघ ओलांडून लाल वर गेलं तर सांगा, म्हणाल्या. मग मी जे सांगितलं त्यावर उपाय सुरू झाला. माशाच्या काट्यानं, खाऱ्या पाण्यातल्या जंतूंनी जे होतं, त्यावरचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आणि बंब सोमेश्वरी पाठवणारी मी.

बुधवारी लाल रेघेच्या वर गेलं. सिस्टरनी नवी रेघ काढली. गुरुवारी तीही मागे पडली. काखेत गाठ आली. मी पडल्या पडल्या त्या दोन रेघांकडे बघत असे. बाकी काही बघण्यासारखं नव्हतंच. पंखा, सलाइन, समोरच्या भिंतीवरची ओल.

बुधवारीच संदीप मुंबईहून आला. एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण घाबरला होता. दारातच आईंना म्हणाला, "कशाला आणायचा तो शिंगाळा? एक दिवस मासा नसता तर काय झालं असतं तुम्हाला?" मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आईंनी हातातला पेजेचा डबा टेबलावर ठेवला आणि त्याचं झाकण उगाच दोनदा घट्ट केलं.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. दार चार हातांवर होतं, दोन वाक्यांचं काम होतं. मी कूस बदलली.

गुरुवारी आई पाणी भरायला गेल्या तेव्हा डॉक्टर आल्या. हात बघून त्यांनी ओठ आवळले. ते आवळलेले ओठ बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मी म्हटलं, "काटा नव्हता." आणि सगळं सांगितलं. फोड, गोळ्या, पट्टी, क्लास. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तुम्ही स्वतः फार्मासिस्ट ना? मी तीन दिवस भलतीकडे शोधत होते." औषध बदललं. संध्याकाळी कोपर उघडून पू काढला. दुसऱ्या दिवशी लाल पहिल्यांदा रेघेच्या खाली आलं.

डॉक्टर निघाल्या तेव्हा मी त्यांना विनवलं होतं, घरच्यांना सांगू नका. त्या म्हणाल्या, "ते मी सांगायचं नाहीच. तुम्ही सांगायचं."

अकरा दिवस

रुग्णालयात दिवस मोजायला घड्याळ लागत नाही. पहाटे थर्मामीटर, मग फिनेल, मग पांचट चहा, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या ट्रॉलीचं एक चाक करकरायचं. तो आवाज तिसऱ्या खाटेशी आला की मी सलाइनचे थेंब मोजायला लागायचे, पाचव्या खाटेवर मी. जखमेत कापड भरत, दुसऱ्या दिवशी ओढून काढत. मी ओरडत नसे. कौतुक नको, ओरडायला ताकदच नव्हती.

चांगलंही काही होतं, ते विसरायला नको. एक सिस्टर होत्या, राजापूरकडच्या, त्यांना एका दमात शीर सापडायची. त्यांची पाळी असली की मला सणासारखं वाटे. एकदा त्यांनी न सांगता माझी वेणी घातली. दोन घट्ट वेण्या, शाळेतल्यासारख्या. मुलीनं फोनवर बघून "आई, तू सहावीत दिसतेस" म्हटलं आणि मग आम्ही दोघी रडलो.

संदीप चार दिवस राहिला. जखम बघवत नाही म्हणून ड्रेसिंगच्या वेळी बाहेर जायचा आणि माझे कपडे मात्र गुपचूप घरी नेऊन धुवायचा. आई रोज दोन वेळा यायच्या. मऊ भात भरवायच्या. बोलायच्या कमी. एकदाच म्हणाल्या, "मी त्या माणसाला विचारलां होता गो, ताजा हाय ना म्हणून." मी भात गिळला. पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

क्लासच्या ग्रुपवर नदीम सरांनी विचारलं, कुणाला त्वचेचं काही झालंय का, कारण मानसीला मानेवर फोड आलाय. मानसी बँकेत आहे, रविवारी मी सगळ्यात जास्त वेळ तिच्याशीच खेळले होते. मी मेसेज वाचला आणि फोन उपडा ठेवला.

गणपती गेल्यावर

घरी आले ते दुसऱ्याच कुणाचं तरी अंग घेऊन. केस मूठभर गळत होते. बाथरूमपर्यंत जाऊन आलं की पाठ टेकावी लागे. पंधरा दिवसांत ठणठणीत होतात असं लोक सांगतात, त्यांना भेटायचंय मला एकदा.

मानसीचा फोड आठवड्यात बरा झाला. ते कळल्यावर मी नदीम सरांना फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, बऱ्या व्हा. आणि आलात की हे सगळ्यांसमोर सांगा." रेघ काढून घ्या म्हटलं तर म्हणाले, दिलेली रेघ काढत नाहीत. आता दारावर एक ओळ वाढवलीय, पट्टी असेल तर उघडून दाखवावी. ती ओळ माझी आहे हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणजे डॉक्टरांना सांगून झालं, सरांना सांगून झालं. घरात मात्र झाकली मूठ.

श्रावण लागला, मासळी बंद झाली. मग गणपती आले. गणपती गेले आणि बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर बांगडे तळल्याचा वास सुटला. आईंनीही आणले. तळले, माझ्या ताटात दोन वाढले, आणि स्वतः कुळथाची पिठी आणि भात घेऊन बसल्या.

"तुम्ही नाही घेतलेत?"

"नको."

"का?"

"सोडलाय."

मला आधी कळेचना. श्रावण संपला होता. मग त्यांनी पिठीकडे बघतच सांगितलं. मला रुग्णालयात नेलं त्याच दिवशी त्या देवीला बोलल्या होत्या की माझ्या हातानं घरात ती पीडा आली, पोरगी बरी होईपर्यंत मासा तोंडात घालणार नाही. आषाढाचे उरलेले दिवस, श्रावण, भाद्रपद. कुणीच मासे खात नव्हतं त्यात त्यांचं न खाणं लपून गेलं. आणि आता नवरात्राआधी नाट्याला जाऊन देवळात गाऱ्हाणं घालायचं होतं. गाऱ्हाणं म्हणजे गुरवाच्या तोंडून, चार गाववाल्यांसमोर, देवीला आपली चूक सांगून माफी मागायची.

"माझी चूक हाय, मी सांगेन. तू नुसती पाया पड," म्हणाल्या.

माझ्या ताटात दोन बांगडे होते. एकही खाल्ला गेला नाही.

स्टँडवर

सांगेन, सांगेन म्हणत मी जायच्या दिवसापर्यंत आले. एसटी स्टँडवर आम्ही बाकावर बसलो. आईंनी नवं लुगडं नेसलं होतं. मांडीवर नारळाची पिशवी. तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत होत्या. मी कान दिला. गुरवाला काय सांगायचं ते घोकत होत्या. "माझ्या हातून... माझ्या हातून..." वाक्य जमत नव्हतं, परत पहिल्यापासून सुरू करत होत्या.

सत्तरी पार केलेली बाई. मला राहवलं नाही.

"आई, मला काटा लागला नव्हता."

त्यांनी मान वळवली. मी सगळं सांगितलं. गडबडीत सांगितलं, मागचं पुढे झालं. मध्ये एक लाल गाडी येऊन गेली, कंडक्टर ओरडत होता, मी सांगत राहिले. संपल्यावर त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली.

"संदीपला ठाऊक हाय?"

"नाही."

"डॉक्टरला?"

"...हो. तिसऱ्या दिवशी सांगितलं."

"म्हणजे डॉक्टरला सांगितलंस."

एवढंच.   मी म्हटलं, घरी जाऊया का. त्यांनी पिशवी उचलली. "गाडी लागली," म्हणाल्या.

नाट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. देवळात गुरवानं विचारलं, बोला, काय सांगायचंय. आई म्हणाल्या, "मी नाय. ही सांगेल." आईंच्या वहिनी होत्या, शेजारपाजारच्या चार बायका होत्या. मी डोक्यावर पदर घेतला आणि म्हटलं की मी खोटं बोलले, आणि माझं खोटं यांनी अडीच महिने अंगावर घेतलं. गुरवानं डोळा वर करून एकदा बघितलं आणि खड्या आवाजात देवीला सांगितलं, ह्या लेकराच्या तोंडून खोटं गेलं ते पदरात घे, पुन्हा जाऊ देऊ नको. अडीच वर्षं माझ्यावर माणसं बसली, पण त्या दिवसाएवढं दडपण कधीच आलं नाही.

संदीपला त्याच दिवशी फोन केला. त्यानं आईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुझां मी कधीच विसरले. तिचां माझ्याकडे हाय, तू मध्ये पडू नको."

आणि मग

आई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मिटलं असतं. माझं पथ्य सांभाळलं, तेल चोळलं, कोपराचा व्यायाम घेतला, आणि माझ्यासाठी मासे आणत राहिल्या. सौंदाळे, मांदेली, एकदा पापलेटसुद्धा. मला वाढायच्या आणि समोर बसून पिठी-भात खायच्या. मी म्हटलं, आई, तुमची चूक नव्हतीच, सोडा ना आता ते. तर म्हणाल्या, "मी म्हटलां होता, तू बरी होईपर्यंत. बरी झालीस की खाईन."

"डॉक्टरांनी सांगितलं, बरी झाले म्हणून."

"डॉक्टरनी हात बघितला."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. रोज जेवताना.

डिसेंबरात क्लासला जायची परवानगी मिळाली. आईंना विचारलं. अट माझ्या लक्षात होती, दुखापत घरात आली की बंद. म्हणाल्या, "जा. खोटं बोलून गेलीसच, खरं सांगून जा." पण दारात उभ्या राहिल्या. "हात." मी हात पुढे केले. कोपर उलटंपालटं करून बघितलं. मान. नखं. हे त्यांना कुणी शिकवलं? मीच स्टँडवर सांगितलं होतं, तिथे असं असं तपासतात म्हणून. मंगळवार, गुरुवार, शनिवार, आधी आई तपासणार, मग नदीम सर. मॅटवर मी पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले. मानसी म्हणाली, "ताई, मला खूप राग आला होता." मग म्हणाली, "या, हळू खेळू." दहा मिनिटांत माझा दम संपला. भिंतीला टेकून बसले, बाकीच्यांचं बघत. तसंच चालू आहे अजून.

जानेवारीतल्या एका गुरुवारी मला पोटरीवर मागच्या बाजूला एक पुळी दिसली. डास चावला असेल, खाजवलं असेल. मुगाएवढी, टोक लालसर. पँटखाली कुणाला दिसणार नव्हती. आईंच्या एका डोळ्याला मोतीबिंदू आहे. त्यांनी हात बघितले, कोपर, मान. "जा," म्हणाल्या.

पिशवी खांद्यावर होती, एका पायात चप्पल होती. मंगळवारपासून मी त्या तासाची वाट बघत होते.

"आई, इथे बघा," मी म्हटलं, आणि पँट वर केली.

त्या वाकल्या. चष्मा नाकावर सरकवून बोटानं दाबलं. "दुखतां?"

"थोडं."

"काय करतंस मग?"

"नाही जात."

मी पिशवी खुंटीला अडकवली. नदीम सरांना मेसेज केला, पोटरीवर पुळी आहे, आज येत नाही. वळून बघते तर आई चपला घालत होत्या, हातात कापडी पिशवी.

"कुठे निघालात?"

"तळायला तेल हाय काय बघ," म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

पाऊण तासानं आल्या. पिशवीत पाच बांगडे होते. त्यांनी ते मोरीत ताटात ओतले, मोठे बघून तीन बाजूला काढले. "हे माझे," म्हणाल्या. मग विळी माझ्या पुढ्यात सरकवली आणि स्वतः ओट्याशी जाऊन मसाला वाटायला घेतला.

"साफ तू कर," पाठमोऱ्याच म्हणाल्या. "आणि काय लागलां तर आत्ताच सांग."